पाटावरची बॅटरी

अब्दुल्लाची घरगाडी पहिल्यांदा आमच्या आळीत शिरली तेव्हा तिच्या टपावर दोन कावळे बसले होते. थेट कळंबोलीपासून बसून आले होते. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा, अजून आमच्याच पिंपळावर असतात. परतीची गाडी मिळाली नाही बिचाऱ्यांना.

ही पनवेलातली, एक्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. गाडी म्हणजे मूळची एक जुनी मिनीबस. कळंबोलीच्या गॅरेजात तिच्यावर नवा डबा चढवून घेतला होता. आत दोन पलंग, भांडी घासायला मोरी, एवढासा फ्रिज, छताला आखूड दांड्याचा पंखा, आणि खिडक्यांना अब्दुल्लाच्या बायकोनं, शहाबानोनं, शिवलेले फुलाफुलांचे पडदे. डबा इतका रुंद झाला होता की गाडी आत येताना आळीतल्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी पोटं आत घेतली. माझं तेव्हा जे आत गेलं ते अजून बाहेर आलेलं नाही.

"काय रे अब्दुल्ला," मी माझ्या ओट्यावरून विचारलं, "एवढं बांधलेलं घर असताना हे दुसरं कशाला?"

"धंदा, बाळूकाका! मुंबईची माणसं कोकणात जातात आणि हॉटेलं शोधत फिरतात. आता हॉटेल त्यांच्याबरोबर फिरेल. मी ड्रायव्हर, मीच मॅनेजर."

"बघू या," दारातून शहाबानो म्हणाली.

त्या 'बघू या'मागे काय होतं ते सांगायला हवं. अब्दुल्ला ऐन जवानीत मस्कतला गेला. तिथे एका शेठकडे कामाला होता. साहेब लोक वाळवंटात मौज करायला जात, त्यांच्यासाठी चाकांवरची घरं असत, ती हा सांभाळायचा. वर्षातून एकदा घरी यायचा, अत्तर वाटायचा आणि परत जायचा. शहाबानो म्हणायची, "आमचं लग्न माणसाशी नाही झालं, सुट्टीशी झालं." मुलगी नशरा मोठी झाली, लग्न होऊन उरणला गेली, तरी हा आपला तिकडेच. शेवटी एका ईदला आला तो "आता कायमचा आलो" म्हणत आला. आणि साठवलं होतं ते सगळं या गाडीत घातलं.

पण मस्कतच्या शेठनं काही त्याला सोडला नव्हता. स्टँडजवळच्या फोनच्या बूथवर निरोप यायचे: ये, तुझी जागा ठेवली आहे, पण फार दिवस ठेवणार नाही. शहाबानोनं सरळ सांगून टाकलं होतं, "गाडी चालली तर राहा. नाही चालली तर जा. पण ती दारात उभी करून जाऊ नका. रोज सकाळी तिच्याकडे बघून रडायला मला सवड नाही."

तिला तो जायला नको होता, हे आळीतल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. पण बोलण्याची रीत तिची तीच.

आणि गाडी चालेना. म्हणजे इंजिन झकास चालायचं. बिघडलं होतं ते घर.

घराच्या दिव्या-पंख्यासाठी पलंगाखाली एक वेगळी मोठी बॅटरी होती. शिवाय अब्दुल्लानं मस्कतहून एक लोखंडी पेटी आणली होती, तिचं नाव इन्व्हर्टर. पनवेलात तेव्हा ती वस्तू फारशी कुणी पाहिली नव्हती. तिचं काम असं की बटन दाबलं की बॅटरीतली वीज घरातल्या विजेसारखी करून द्यायची. गाडी दारात असली की घरातून एक लांब वायर गाडीत जायची, तिच्यावर बॅटरी चार्ज व्हायची. लाईट गेली की इन्व्हर्टरचं बटन दाबायचं, पंखा पुढे चालू. एवढं सोपं.

आता ती वायर. मस्कतमध्ये अशा गाड्यांना वीज आत घ्यायची खास खोबण असते म्हणे. कळंबोलीच्या मिस्त्रीला ती मिळाली नाही, म्हणून त्यानं डब्याच्या बाहेरच्या अंगाला आपल्या भिंतीवर असतो तसला साधा प्लगपॉइंट बसवून टाकला. घरात पॉइंट, गाडीला पॉइंट. मग वायरीला दोन्ही टोकांना पिना. मांडववाले करतात तसली वायर, दोन तोंडांची. आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मांडवात वर्षानुवर्षं तेच चालत आलं होतं.

बॅटरी सकाळी भरलेली असायची. दुपारी उन्हं कलायला लागली की त्या उन्हाळ्यात आमच्याकडे हमखास लाईट जायची. अब्दुल्ला ऐटीत गाडीत चढायचा, बटन दाबायचा, पंखा गरगरायचा. आळीतली पोरं टाळ्या वाजवायची. आणि टाळ्या थांबायच्या आत पंखा म्हाताऱ्यासारखा मान टाकायला लागायचा. पेटी 'टीं टीं' करून रडायची. बॅटरी खल्लास.

आनंदा बॅटरीवाला आला. मूळचा चिरनेरचा, जकातनाक्याजवळ त्याचं दुकान. काचेच्या पिचकारीनं बॅटरीतलं पाणी ओढून त्यानं डोळ्यासमोर धरलं, जसं डॉक्टर लघवी बघतात.

"बॅटरीत खोट नाय," तो म्हणाला. "पोरगी तंदुरुस्त हाय. तुमी तिला उपाशी ठेवताव."

"रात्रभर चार्जिंगला असते रे!"

"मंग कोन तरी खातंय."

आनंदानं ती दुकानावर नेऊन चार्ज केली, टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून ग्रीस लावलं, परत आणून बसवली. दुपारी लाईट गेली, बटन दाबलं, पुन्हा टीं टीं.

मग आळीतल्या प्रत्येकानं आपापलं डोकं चालवलं. कुणी म्हणे पंखाच जड आहे. कुणी म्हणे दृष्ट लागली. एकानं तर सांगितलं, आळीमागच्या तळ्याची हवा बॅटरीला मानवत नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो, तेव्हा माझा शब्द या बाबतीत शेवटचा. मी म्हणालो, "अब्दुल्ला, बॅटरी लोखंडावर ठेवलीस का?"

"हो. का?"

"तिथेच चुकलास. जमीन करंट ओढते. लाकडावर ठेवायची असते."

हे मी डेपोतल्या हेडमेकॅनिककडून ऐकलं होतं आणि त्याला तरी कुठे माहीत होतं. पण अब्दुल्लानं बिचाऱ्यानं घरातला पाट आणला, चांगला पितळी फुलं ठोकलेला, शेजारच्यांच्या मुंजीतून शहाबानोला भेट आलेला, आणि बॅटरीला त्यावर बसवलं. पाटावरची बॅटरी बघायला लोक यायला लागले. मी म्हणालो, रांगोळी तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीही काढली.

बॅटरीनं काही पाटाचा मान राखला नाही.

"काका, तुमच्या एसटीची बॅटरी गेली तर काय करायचात?" अब्दुल्लानं काकुळतीनं विचारलं.

"एकदा कर्नाळ्याच्या चढावर गेली होती. सगळ्या प्रवाशांना सांगितलं, एका तालात उड्या मारा. त्या हादऱ्यानं डायनामो फिरला आणि बस सुरू झाली. पेणपर्यंत लोक उड्या मारत होते."

"खरंच?"

"पेणला एक जण उतरला तो उडी मारतच घरी गेला. सवय लागली होती."

शहाबानो हसली नाही. ती गाडीकडे बघत होती. "तुमच्यासारखीच आहे हो ही," ती नवऱ्याला म्हणाली. "गॅरेजात तरतरीत, बाहेर तरतरीत, घरी आली की झोपते."

हे ती चिडून बोलली खरी, पण त्यात नेमकं वर्म होतं आणि आम्हा कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. कळंबोलीला गाडी सुरेख चालायची. मग अब्दुल्लानं एके दिवशी मला आणि आनंदाला घेऊन गाडी आपट्याला नेली, पाताळगंगेच्या काठी झाडाखाली लावली. तिथे ना घर, ना वायर. पंखा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरला. फ्रिजमध्ये बर्फ जमला. आनंदा तर पंख्याखाली इतका गाढ झोपला की नदीतले मासे काठाशी येऊन त्याचं घोरणं ऐकत होते. त्यातले दोन आम्ही घरी आणले.

"बघा!" अब्दुल्ला घरी येऊन शहाबानोला म्हणाला. "झाली दुरुस्त!"

दुसऱ्या दिवशी दारात लाईट गेली. टीं टीं.

आता अब्दुल्लाचं हसणं बंद झालं. संध्याकाळी तो माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. "रविवारी नवीन पनवेलहून गिऱ्हाईक येतंय, काका. सत्यजीतसाहेब. मुंबईत नोकरीला आहेत. त्यांच्या आईला कोकण दाखवायचंय, पण तिला उकाडा सोसत नाही, रात्रभर पंखा पाहिजे. ते बघून जातील. पसंत पडलं तर मी राहिलो. नाही पडलं तर…"

"तर काय?"

"सोमवारी मस्कतला फोन. शेठ आता थांबणार नाही."

आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. शहाबानो ऐकत होती.

इथे आमच्या आळीची एक सवय सांगतो. लाईट गेली की घरात कुणी थांबत नाही. जो तो विंझणा, पेपर, पुठ्ठा, मिळेल ते घेऊन बाहेर येतो आणि माझ्या ओट्याभोवती जमतो. आणि मी मग काही ना काही सांगतो. लाईट आली की लोक खरं तर नाराज व्हायचे, गोष्ट अर्धी राहायची. शहाबानोही यायची. पण बाहेर पडण्याआधी ती एक काम न चुकता करायची. एकदा लाईट गेली आणि अशा झटक्यानं परत आली की मस्कतहून आणलेला रंगीत टीव्ही जळला. बातम्या देणारी बाई धुरासकट बाहेर आली आणि आमच्या आळीतून चालत स्टँडकडे गेली. तेव्हापासून लाईट गेली की शहाबानो पोळपाटावरचं लाटणं उचलायची, कारण लाकडाला शॉक लागत नाही, आणि दाराआडच्या मेनचा दांडा त्या लाटण्यानं खाली ओढायची. खट्! मग लाईट परत आली, समोरच्यांचा रेडिओ बोलायला लागला, की पुन्हा लाटण्यानं वर. गाडी आल्यापासून तर ती हे काम धावत जाऊन करायची. म्हणायची, "टीव्ही गेला तर गेला, आता गाडीला झटका बसला तर ते गेलेच मस्कतला."

रविवार आला. सत्यजीतसाहेब आले, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बरोबर बायको रुचिरा आणि आई रमाबाई. रमाबाईंचे गुडघे असे की रिक्षातून उतरतानाच त्यांनी रिक्षावाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. गाडीची पायरी त्यांनी लांबूनच बघितली.

"ही पायरी आहे का कर्नाळ्याचा सुळका?" त्या म्हणाल्या. "मी नाही बाई चढत. मी इथेच बसते." आणि त्या शहाबानोच्या पुढल्या खोलीत पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या. शहाबानोनं त्यांना कोकम सरबत दिलं.

आम्ही बाकीचे गाडीपाशी. आनंदाही आला होता, स्कूटरच्या फळीवर दुकानातली एक भरलेली बॅटरी घेऊन. "वखत सांगून येत नाय," म्हणाला. रुचिरानं पडदे बघितले, फ्रिज उघडला, पलंगावर हात दाबून पाहिला. "छान आहे हो! अगदी खेळण्यातल्या घरासारखं." सत्यजीतसाहेब खाली वाकून चाकं बघत होते. चाकांतलं त्यांना किती कळत होतं कोण जाणे, पण बघायची पद्धत असते.

आणि गेली लाईट.

आतून पळत्या पावलांचा आवाज आला. खट्! मेन खाली. शहाबानो लाटणं हातात घेऊनच बाहेर आली, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत गाडीच्या दारापाशी उभी राहिली.

"घाबरायचं काम नाही," अब्दुल्ला मोठ्यानं म्हणाला, ते गिऱ्हाइकाला का स्वतःला कळेना. त्यानं बटन दाबलं. पंखा फिरायला लागला.

"वा!" रुचिरा म्हणाली. "किती वेळ चालतो?"

"रात्रभर," अब्दुल्ला म्हणाला आणि शहाबानोकडे त्यानं बघितलं नाही.

सत्यजीतसाहेब पलंगावर बसले. अब्दुल्लानं कोकणातल्या किनाऱ्यांचं वर्णन सुरू केलं. हरिहरेश्वरपर्यंत पोचला होता तोच पंख्याचा आवाज बदलला. पाती दिसायला लागली. अब्दुल्ला आवाज चढवून बोलायला लागला, जसं काही पंख्याला कळू नये. पण पेटीला कोण अडवणार?

टीं. टीं. टीं.

सत्यजीतसाहेब उठले. सभ्य माणूस. पँटवरची न दिसणारी धूळ झटकली आणि म्हणाले, "छान आहे गाडी. आम्ही कळवतो."

मुली बघायला आलेली माणसं हेच म्हणतात. ते कळवत नाहीत.

अब्दुल्लाचा चेहरा असा उतरला की मला ओट्यावरची एकही गोष्ट आठवेना, आणि ते माझ्या आयुष्यात फारदा झालेलं नाही. शहाबानोनं लाटणं छातीशी घट्ट धरलं होतं. "उद्या बूथवर जातो," तो तिला हळूच म्हणाला. 

"आई, चला, निघू या," रुचिरानं घराच्या दिशेनं हाक मारली.

"थांब गं जरा," आतून रमाबाईंचा आवाज आला. "इथे मस्त वारा आहे. पंखा आत्ताच जरा मंद झालाय, पण चालेल."

"आई, लाईट गेलीय!"

"कुठे गेलीय? पंखा फिरतोय, ट्यूब पेटलीय, मागे फ्रिज घरघरतोय. आमच्याच नशिबी मेलं रोज लाईट जाणं. या लोकांकडे बघ कशी छान असते!"

 शहाबानोनं हातातल्या लाटण्याकडे बघितलं. मग घराकडे.

"पण मेन तर मी खाली ओढलाय," ती म्हणाली.

आम्ही सगळे एकदम घरात घुसलो. दारात अडकलो, आनंदानं मागून ढकललं तेव्हा मोकळे झालो. बघतो तर खरंच. मेनचा दांडा खाली. आणि रमाबाईंच्या डोक्यावर पंखा फिरतोय, दमलेला, पण फिरतोय. आतल्या खोलीतला फिरतोय. स्वयंपाकघरात कुणी नाही आणि तिथली ट्यूब दिवसाउजेडी लुकलुकतेय. मोठा फ्रिज, ज्यात आमच्या आळीचे निम्मे मासे असत, तो हुंदके देतोय.

"या अल्ला," शहाबानो म्हणाली. "घरात जिन शिरला."

"जिन नाय," आनंदा म्हणाला, "पन मी बोल्लो व्हतो ना, कोन तरी खातंय?"

सत्यजीतसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दारातून बाहेर जाणाऱ्या वायरीकडे बघितलं. "अब्दुल्लाभाई, तुम्ही गाडीत जाऊन ते बटन बंद करा बरं."

अब्दुल्ला धावला. रुचिरा मधे अंगणात उभी राहिली, कारण गाडीतलं घरात ऐकू येत नव्हतं.

"बंद केलं!" गाडीतून.

"बंद केलं म्हणतायत!" रुचिरा.

पंखा थांबला. ट्यूब गेली. फ्रिज गप्प.

"अगंबाई," रमाबाई म्हणाल्या, "माझा वारा!"

"चालू करा!" सत्यजीतसाहेब ओरडले.

"चालू करा म्हणतायत!"

पंखा कण्हत कण्हत पुन्हा फिरायला लागला. तीनदा चालू केलं, तीनदा बंद केलं. तिसऱ्यांदा रमाबाई म्हणाल्या, "आता पुरे, मी काय प्रयोगशाळेत आलेय?"

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला, फक्त घरात नव्हता. वायरीला दोन तोंडं. घरात लाईट असली की वीज घरातून गाडीत. लाईट गेली आणि इन्व्हर्टर लावला की तीच वीज गाडीतून उलटी घरात! अब्दुल्ला आपल्या बॅटरीवर गाडीतला एक पंखा चालवतोय असं समजायचा, आणि ती बिचारी सगळं घर ओढत होती. लाईट जाताना जी जी बटनं चालू असत ती चालूच राहायची. रिकाम्या खोल्यांना वारा घालायची. मेन खाली नसता तर वीज सगळ्या आळीत पळाली असती आणि पेटीनं पहिल्याच दिवशी मान टाकली असती, कुणाला तरी कळलं असतं. पण शहाबानो गाडीला जपायला म्हणून रोज धावत जाऊन मेन खाली ओढायची. म्हणजे बॅटरीला घराला नीट बांधून द्यायची आणि मग बाहेर येऊन ती का मरतेय म्हणून रडायची. आणि कुणाला दिसणार कसं? लाईट गेली की सगळी आळी बाहेर. घरात थांबलेलं माणूस म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या रमाबाई, तेही गुडघ्यांमुळे.

"म्हणजे मीच?" शहाबानो म्हणाली. लाटणं अजून तिच्या हातात होतं. "मीच रोज त्यांचं मस्कतचं तिकीट काढत होते?"

अब्दुल्ला दारात उभा होता. इतके दिवस डोक्याला हात लावून बसलेला माणूस, आणि आता इतका हसायला लागला की त्याला चौकट धरावी लागली. "बानो, तू घराला लाईट देत होतीस. मी म्हणायचो, मी घर चालवतो. घर तर बॅटरी चालवत होती!"

"हसू नका. आधी ते ठीक करा. गिऱ्हाईक उभं आहे."

अब्दुल्लानं इन्व्हर्टर बंद केला, मगच वायर काढली. सत्यजीतसाहेबांनीच बजावलं, की तो चालू असताना काढली असती तर त्या उघड्या पिनांनी हात लावणाऱ्याला सरळ वर पाठवलं असतं. मला ते ऐकून घाम फुटला, कारण त्या वायरीवर मी माझं धोतर वाळत घालत असे. आनंदानं स्कूटरवरची भरलेली बॅटरी आणली आणि पाट बाजूला सारून दमलेलीच्या जागी बसवली. घर वेगळं, गाडी वेगळी. बटन दाबलं.

"आता आईंनी आत बसून बघायला हवं," रुचिरा म्हणाली. "त्यांच्यासाठीच तर आहे."

"ती पायरी!" रमाबाई किंचाळल्या.

शहाबानो गाडीत चढली, पलंगाखाली हात घातला आणि पाट बाहेर काढला. दोन विटांवर तो ठेवला, गाडीच्या पायरीच्या अलीकडे. रांगोळीचे ठिपके अजून त्याला चिकटलेले होते. रमाबाईंनी एक पाय पाटावर ठेवला, एका हातानं आनंदाचा खांदा धरला, दुसऱ्यानं मला धरलं, आणि आत गेल्या.

"चांगला आहे पाट," त्या म्हणाल्या. "पितळ खरं आहे."

मग आम्ही वाट बघत राहिलो. उन्हं उतरली. बांगची वेळ झाली, मशिदीतला भोंगा लाईट नसल्यामुळे गप्प होता, पण मुअज्जिनचा नुसता आवाज तळ्यावरून येत राहिला. समोरच्या देवळात निरांजन लागलं. आळी हळूहळू काळोखात गेली, आणि तिच्या मधोमध फुलाफुलांच्या पडद्यांआडून एक पिवळा उजेड. अब्दुल्ला दर थोड्या वेळानं पंख्याकडे बघायचा. पंखा काही मान टाकायला तयार नव्हता. फ्रिजमध्ये ठेवलेलं सरबत गार झालं. सगळ्यांनी प्यायलं. त्या सरबतानं माझे दात असे गोठले की पुढले दोन मी आठवडाभर बाजूला काढून ठेवले होते.

"आई, कसं वाटतंय?" सत्यजीतसाहेबांनी आत डोकावून विचारलं.

आतून घोरण्याचा आवाज आला.

साहेब हळूच बाहेर आले. "परक्या जागी ती डोळाही मिटत नाही," ते कुजबुजले. "मामाच्या घरी गेली तर रात्रभर जागी असते. अब्दुल्लाभाई, आमचं नक्की समजा. कधी निघायचं ते तुम्ही सांगा."

अब्दुल्लानं शहाबानोकडे बघितलं. तिनं पदर सावरला आणि लाटणं घेऊन घरात गेली. जरा वेळानं आतून खूप भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. इतकी भांडी त्यांच्या घरात होतीच कुठे? माझ्या मते ती तीच तीच पुन्हा घासत होती.

सोमवारी तो बूथवर गेला. मी बरोबर होतो. शेठ पलीकडून ओरडत होता, कधी येतोस म्हणून. अब्दुल्ला म्हणाला, "शेठ, येणं होणार नाही. गाडीला खटका बसवायचाय." शेठला काही कळलं नाही, आणि बूथचं मीटर पळत होतं म्हणून अब्दुल्लानं समजावलंही नाही. त्याच आठवड्यात मुंबईहून खोबण मागवून, कळंबोलीच्या मिस्त्रीला दारात बोलावून त्यानं ती वीज आत घ्यायला गाडीला नीट लावून घेतली, आणि आत एक दोन बाजूंचा खटका: एका बाजूला घरची वीज, दुसऱ्या बाजूला बॅटरी. एका वेळी एकच. दोन तोंडांची वायर मिस्त्रीनं कापून टाकली. मला धोतरासाठी दोरी दिली.

पहिल्या सफरीला रमाबाईंनी अट घातली. "ती लाटणंवाली येणार असेल तरच मी येणार. लाईट गेली तर बघायला कोण?" शहाबानोनं आधी नाही म्हटलं, मग एक पिशवी भरली, मग आणखी एक. जन्मात पहिल्यांदा ती नवऱ्याबरोबर निघाली होती, विमानतळावर पोचवायला नाही तर पुढे जायला. पाट पायरीसाठी गाडीत ठेवला. आळीतली सगळी माणसं निरोपाला उभी. अब्दुल्लानं हॉर्न दिला. पिंपळावरचे कावळे लगबगीनं टपावर येऊन बसले, आणि गाडी श्रीवर्धनच्या बाजूला जाते आहे हे कळल्यावर नाराजीनं उतरले.

"एक मिनिट!" शहाबानो ओरडली. उतरली, धावत घरात गेली. खट्! लाटणं घेऊन बाहेर आली, कुलूप लावलं आणि गाडीत चढली. "सवय," ती आम्हाला म्हणाली.

आम्ही हात हलवले. सवय म्हणजे काय ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मेन खाली, घराला कुलूप, मोठा फ्रिज बंद, आणि त्यात निम्म्या आळीची सुरमई, बोंबील आणि उरणहून नशरानं पाठवलेली कोलंबी.

असा वास मी उभ्या आयुष्यात घेतला नाही. माझ्या ओट्यावर गोष्ट ऐकायला एक माणूस येईना. वास तळं ओलांडून गेला, स्टँडवरून गेला, तिथल्या बसगाड्या आपणहून वेळेवर सुटायला लागल्या. मग खाडीवरून समुद्रावर गेला आणि पश्चिमेला मस्कतच्या बाजूला वळला. तिसऱ्या दिवशी बूथवाला मला शोधत आला. शेठचा निरोप होता: कळलं, अब्दुल्ला येत नाही. दुसरा माणूस ठेवला आहे. पण तो कसला वास आहे तेवढं सांगा.